जॅकेटच्या खिशातलं आर्मर



आजचा विषय तुमच्या रायडिंग जॅकेटच्या आत, अस्तरामागच्या एका खिशात बसलेला आहे. खांदा, कोपर, पाठ आणि पँट असेल तर गुडघा, इथे जे पॅड असतात, ज्यांना आपण आर्मर म्हणतो, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. हे आर्मर नेमकं कशापासून वाचवतं, कशापासून वाचवत नाही, आणि आपण पैसे मोजून आणलेलं आर्मर खरं आहे की नुसता स्पंज, हे घरबसल्या कसं ओळखायचं.

पण आधी हेल्मेट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा होता ५०,०२९, चालवणारे आणि मागे बसलेले मिळून. तेव्हा ज्यांच्या घरी आयएसआय मार्कचं, हनुवटीखाली पट्टा नीट बसणारं हेल्मेट नाही, त्यांनी हा व्हिडिओ इथेच थांबवावा, हेल्मेट घेऊन यावं आणि मग पुढचं ऐकावं. आर्मर त्यानंतर.

हे सगळे आकडे मृत्यूंचे आहेत. डोकं वाचलं, जीव वाचला, पण गुडघा, मनगट, खांदा कायमचा कुरकुरत राहिला, अशा माणसांची आपल्याकडे कुणी ठळक मोजदाद करत नाही. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

माझ्या युनिटमधले एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर बेळगावला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा बेंगळुरूला घरपोच जेवण पोहोचवण्याचं काम करतो. एका बांधकामाच्या जागेबाहेर रस्त्यावर वाळू सांडलेली होती. वळणावर पुढचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. वेग पंचवीस-तीसचा असेल. हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही. पण उजवा गुडघा थेट डांबरावर आपटला आणि वाटीचे दोन तुकडे झाले. ऑपरेशन झालं, तार घातली, आणि तीन महिने काम बंद. अशा कामात पगारी रजा नसते. घरात बसलात की कमाई शून्य.

सुभेदार साहेबांचा फोन आला. म्हणाले, "सर, पोरगा वेगात नव्हता. मी स्वतः त्या पोलिसांच्या कागदावर वाचलं. मग एवढं कसं लागलं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर समजलं की आर्मरचं निम्मं शास्त्र समजलं.

आपण सगळे वेगाचा विचार आडवा करतो. गाडी साठने जात होती, नव्वदने जात होती. पण गाडी घसरून तुम्ही पडता तेव्हा एकाच वेळी दोन हालचाली चालू असतात. एक आडवी, रस्त्याच्या दिशेने. ही घसरत घसरत संपते. दुसरी उभी, वरून खाली. ही एका क्षणात, जमिनीला भिडताच संपते. सीटवरून तुमचा खांदा किंवा कंबर जमिनीवर येते ती साधारण एक मीटर उंचीवरून. एक मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला भिडताना तिचा वेग असतो सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. गाडी पंचवीसने चालली होती की ऐंशीने, याचा या आकड्याशी संबंध नाही. गाडीने तुम्हाला वर उडवून फेकलं तर उंची वाढते, ते वेगळं. पण साधं घसरून पडण्यात जमिनीवर आपटण्याचा जोर जवळपास तोच राहतो.

म्हणून पंचवीसच्या वेगात वाटी फुटते. आणि म्हणूनच "मी गाडी हळू चालवतो, मला काय गरज" हे म्हणणं टिकत नाही. आडव्या वेगाचा हिशेब कापड चुकवतं: ते घासून फाटलं नाही तर कातडी शाबूत राहते. उभ्या आपटण्याचा हिशेब आर्मर चुकवतं. दोघांची कामं वेगळी आहेत आणि एकाचं काम दुसरं करू शकत नाही.

आता आर्मर काय करतं? तुम्ही क्रिकेट खेळला असाल. सीझनचा चेंडू झेलताना हात ताठ ठेवला तर तळवा बधिर होतो. हात मागे घेत झेलला तर काही वाटत नाही. चेंडूची ऊर्जा तीच असते. फक्त ती थांबवायला तुम्ही जास्त अंतर आणि जास्त वेळ दिलेला असतो. थांबण्याचं अंतर पाचपट झालं की सरासरी बळ पाचव्या हिश्शावर येतं. गुडघा आणि डांबर यांच्यामध्ये कातडी आणि कापड सोडलं तर काहीच नसतं, म्हणजे थांबायला दोन-चार मिलिमीटर. त्यात चांगल्या पॅडने आणखी सात-आठ मिलिमीटर दिले, की हाडावर येणारा दणका बराच उतरतो. शिवाय पॅड तो दणका एका टोकावर न ठेवता आजूबाजूच्या भागावर पसरवतो. दणका लांबवणं आणि पसरवणं, या दोन कामांसाठी आपण पैसे देतो.

जुन्या पद्धतीच्या आर्मरमध्ये बाहेर टणक प्लास्टिकची वाटी आणि आत फोम असे. मोटोक्रॉसवाले आजही तसलं वापरतात, कारण तिथे दगड आणि गाडीचे हँडल लागतात. रस्त्यावरच्या जॅकेटमध्ये मात्र आता मऊ, वाकणारे पॅड आले आहेत. बोटाने हळू दाबलं तर ते दबतात, फटका मारला तर त्या क्षणापुरते घट्ट होतात. घरी करून बघा: कॉर्नफ्लॉर पाण्यात दाट कालवा. हळू बोट घातलंत तर आत जातं, मूठ मारलीत तर वरच अडते. ब्रिटनमध्ये रिचर्ड पामर यांनी १९९९ च्या सुमारास याच गुणाच्या पदार्थावर काम सुरू केलं. आज नारिंगी रंगाचे जे 'डीथ्रीओ' पॅड दिसतात ते त्यातून आलेले. त्याच जातीचे इतर कंपन्यांचे पॅडही आहेत. फायदा असा की माणूस ते दिवसभर अंगावर ठेवू शकतो. टोचतं म्हणून काढून डिकीत टाकलेलं आर्मर कुणालाच वाचवत नाही.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण तो आमच्या फौजी जगाशी जोडलेला आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडले. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे ब्रिटिश सैन्यातल्या डिस्पॅच रायडर्सच्या, आमच्या भाषेत डी.आर.च्या, डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो छापला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने डी.आर.ना हेल्मेट सक्तीचं केलं. साध्या नागरिकाला ते सक्तीचं व्हायला त्या देशात १९७३ उजाडलं.

अंगावरच्या आर्मरची गोष्ट रेसिंगमधून आली. १९७५ साली अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकवर ब्रिटिश रेसर बॅरी शीन ताशी २७० किलोमीटरहून जास्त वेगात पडला आणि मांडीपासून गळपट्टीपर्यंतची हाडं मोडून घेतली. तो उठला, पुन्हा रेसमध्ये आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या 'डायनीज' कंपनीने पाठीचा प्रोटेक्टर बनवला. त्याची रचना शेवंडीच्या पाठीसारखी होती. कोकणातल्या लोकांना सांगायला नको: एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या, आतल्या बाजूला वाकतात, उलट्या बाजूला अडतात. तिथून पुढे युरोपने या सगळ्याला मोजमाप लावलं, आणि आज तुमच्या जॅकेटमध्ये काय आहे हे ठरवायचं तर त्याच मोजमापाची भाषा वाचता यायला हवी. ती आता शिकून घेऊ. कठीण नाही.

जॅकेटच्या खिशाची चेन किंवा वेल्क्रो उघडा आणि पॅड बाहेर काढा. त्याच्यावर इंग्रजीत, बहुधा कोरलेल्या किंवा छापलेल्या अक्षरांत, पाच गोष्टी शोधा.

पहिली, मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र.

दुसरी, मानकाचा क्रमांक. खांदा, कोपर, कंबर, गुडघा यांसाठी 'ईएन १६२१-१'. पाठीसाठी 'ईएन १६२१-२'. छातीसाठी १६२१-३. नुसती 'सीई' ही दोन अक्षरं असतील आणि क्रमांक नसेल, तर ती अक्षरं काहीच सांगत नाहीत. 'सीई अप्रूव्हड' असं जॅकेटच्या टॅगवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचून समाधान मानू नका, पॅड उलटा करून बघा.

तिसरी, लेव्हल. १ किंवा २. हे काय आहे ते सांगतो. चाचणीत पॅड लोखंडी ऐरणीवर ठेवतात आणि वरून ५ किलोचं वजन सुमारे एक मीटरवरून सोडतात. वाण्याच्या तराजूचं पाच किलोचं लोखंडी वजन कमरेइतक्या उंचीवरून सोडलं असं समजा. ही ऊर्जा होते ५० ज्यूल. पॅडमधून पार होऊन ऐरणीपर्यंत किती बळ पोहोचलं ते मोजतात. हातापायांच्या पॅडसाठी सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल १, आणि २० च्या आत असेल तर लेव्हल २. पाठीला नियम जास्त कडक: १८ च्या आत असेल तर लेव्हल १, ९ च्या आत लेव्हल २. म्हणजे पाठीच्या बाबतीत लेव्हल २ चा पॅड निम्माच दणका पुढे जाऊ देतो. हे आकडे लोखंडावरचे आहेत. माणसाचं शरीर लोखंडासारखं ताठ नसतं, त्यामुळे ते थेट हाडाला लावू नका. पण दोन पॅडमध्ये कोणता बरा हे ठरवायला दुसरा इतका स्वच्छ मापदंड नाही.

चौथी, अक्षर. 'एस' म्हणजे खांदा, 'ई' कोपर, 'के' गुडघा, 'एच' कंबरेची बाजू. पाठीच्या पॅडवर 'एफबी' असेल तर पूर्ण पाठ, 'सीबी' असेल तर फक्त मधला भाग. शेजारी 'टाइप ए' किंवा 'टाइप बी' असतं. 'ए' आकाराने लहान, 'बी' मोठा. खिशात मावत असेल तर 'बी' घ्या.

पाचवी गोष्ट आपल्या देशासाठी फार कामाची आहे, आणि दुकानदारही ती सहसा सांगत नाही. इंग्रजी 'टी' अक्षर आणि त्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह. 'टी अधिक' म्हणजे तो पॅड ४० अंश सेल्सिअसला तपासलेला आहे. 'टी उणे' म्हणजे उणे १० अंशांना. या चाचण्या ऐच्छिक आहेत, सगळे पॅड त्या देत नाहीत. आता विचार करा. हे मऊ पॅड तापले की जास्त मऊ होतात आणि गारठले की कडक होतात. विदर्भातला मे, राजस्थानातला जून, आणि खार्दुंग ला वरची सकाळ, हे सगळं आपल्या एकाच देशात आहे. नागपूरचा रायडर लडाखला जातो तेव्हा एकाच जॅकेटने दोन्ही टोकं पाहिलेली असतात. दोन्ही चिन्हं असलेला पॅड मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या.

आता एक सापळा. बहुतेक जॅकेटांत खांद्याला आणि कोपराला खरे पॅड असतात, आणि पाठीच्या खिशात मात्र पातळ, हलका फोमचा तुकडा असतो. हाताने चुरगळला तर कागदासारखा चुरगळतो. त्यावर ना क्रमांक, ना चित्र. तो फक्त तो खिसा भरलेला दिसावा म्हणून आहे. ही फसवणूक म्हणता येत नाही, कारण जॅकेटच्या युरोपीय मानकात पाठीचा पॅड सक्तीचा नाहीच. कंपनी म्हणते, खिसा दिलाय, पॅड तुम्ही वेगळा घ्या. पण गिऱ्हाईक समजतो की पाठीला आर्मर आहे. माझ्या ओळखीच्या एका रायडरने त्याच तुकड्यावर विसंबून स्पितीची वारी केली. परत आल्यावर मी त्याला तो काढून दाखवला. तो हातात धरून बराच वेळ गप्प होता.

जॅकेटच्या कापडाचंही मानक आहे, 'ईएन १७०९२'. त्यात पाच वर्ग: 'एएए', 'एए', 'ए', 'बी' आणि 'सी'. पहिले तीन घासणं सहन करण्याच्या क्रमाने उतरते. सर्वात धोक्याच्या जागी, म्हणजे खांदा-कोपर-गुडघ्यावर, यंत्रावरची चाचणी 'एएए'ला ताशी १२०, 'एए'ला ७० आणि 'ए'ला ४५ किलोमीटरला धरतात. 'बी' म्हणजे कापड 'ए'सारखं पण आर्मर नाही. 'सी' म्हणजे उलटं, जाळीदार बनियनसारखा सांगाडा, ज्यात फक्त आर्मर धरून ठेवलेलं असतं. तेव्हा 'सीई आर्मर असलेलं जॅकेट' आणि 'सीई प्रमाणित जॅकेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फक्त पॅड तपासलेले आहेत. त्याच्याभोवतीचं कापड पहिल्या घसरणीत फाटलं, तर पॅड रस्त्यावर आणि कोपर उघडं.

यावरून मी माझ्या मते सर्वात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. तो आहे मापाचा.

फौजेत बुलेटप्रूफ जॅकेट घालणाऱ्या जवानाला पहिलं काय शिकवतात? प्लेट कुठे बसली पाहिजे. चार बोटं खाली सरकली तर ती पोट झाकते आणि काळीज उघडं टाकते. आर्मरचंही तेच. आपल्याकडे जॅकेट घेताना लोक एक साईज मोठं घेतात, कारण आत पावसाळी लायनर आणि थंडीचा लायनर बसवायचा असतो. मग उन्हाळ्यात लायनर काढले की जॅकेट ढगळ होतं. पडताना हात जमिनीला टेकतो, बाही वर जाते किंवा गोल फिरते, आणि कोपराचा पॅड कोपराच्या बाजूला जाऊन बसतो. लेव्हल २ चा उत्तम पॅड, फक्त दोन इंच चुकीच्या जागी. त्यापेक्षा योग्य जागी घट्ट बसलेला लेव्हल १ चा पॅड मी पसंत करेन.

म्हणून दुकानात आरशासमोर उभं राहून साईज ठरवू नका. गाडीवर बसा, हँडल धरा. आता दुसऱ्या हाताने कोपराचा पॅड पकडून फिरवून बघा. फिरला तर बाहीचे पट्टे आवळा. तरीही फिरला तर ते जॅकेट तुमचं नाही. पँटचं तर फारच गंमतीचं आहे. उभं असताना गुडघ्याचा पॅड वाटीच्या खाली लोंबतो आणि बसल्यावर वर येऊन बरोबर वाटीवर बसतो. दुकानात उभ्याने बरोबर बसलेला पॅड गाडीवर मांडीवर चढलेला असतो. बऱ्याच पँटमध्ये गुडघ्याच्या खिशात वेल्क्रोने पॅड वरखाली करता येतो. तो एकदा बसून लावून घ्या.

आणि धुण्याबद्दल एक वाक्य. जॅकेट धुताना पॅड बाहेर काढावे लागतात, आणि ते परत घालायचे राहून जातात किंवा उलटे घातले जातात. आमच्याकडे किट ले-आऊट असायचं, सगळं सामान चादरीवर मांडून तपासायचं. घरी प्रत्येक धुण्यानंतर तेच करा: दोन खांदे, दोन कोपरं, एक पाठ. पाच वस्तू मोजल्या, मग चेन लावली. त्याच वेळी पॅडला चिरा गेल्यात का, कडा भुगा होतायत का, तो दगडासारखा कडक झालाय का, ते बघा. तसं असेल तर बदला. जोरदार पडल्यानंतर तर बदलाच. आणि उन्हात तापलेल्या गाडीवर जॅकेट दिवसभर टाकून ठेवू नका.

आता आर्मर काय करू शकत नाही ते. हे न सांगता मी थांबलो तर अर्धवट माहिती दिल्यासारखं होईल.

तुम्ही घसरत जाऊन दुभाजकाला, विजेच्या खांबाला, उभ्या ट्रकला धडकलात, तर तिथे आडवा वेगच आपटण्याचा वेग होतो. त्या धडकेपुढे हा पॅड फार थोडं करू शकतो. पाठीच्या प्रोटेक्टरबद्दलही भ्रम नको. तो पाठीवर थेट बसणारा मार, दगडाचं टोक, फूटपाथची कड, यापासून राखतो. पण मोटरसायकलवाल्यांच्या मणक्याच्या बऱ्याच गंभीर इजा पाठ वाकून, पिळवटून किंवा डोक्यावर पडून होतात. त्यांवर कुठलाही पॅड उपाय नाही. छाती आणि मानेसाठी म्हणूनच आता एअरबॅगचे जॅकेट-व्हेस्ट आले आहेत. मोटोजीपी रेसमध्ये २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे. साध्या रायडरसाठी दोरीने गाडीला जोडलेले व्हेस्ट मिळतात: माणूस गाडीपासून दूर फेकला गेला की दोरी सुटते, गॅसची नळकांडी फुटते आणि हवा भरते.

आणि प्रत्यक्ष रस्त्यावर आर्मरचा उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. मोटरसायकलचं जॅकेट, पँट आणि ग्लोव्हज घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता कमी होती. कपड्यांत आर्मर होतं तेव्हा इजेचा धोका शरीराच्या वरच्या भागाला सुमारे २३ टक्के, पायांना ४० टक्के आणि हात-मनगटांना ४५ टक्के कमी होता. याच अभ्यासात एक कडू गोष्टही निघाली: अपघातात सुमारे ३० टक्के जॅकेटं फाटली किंवा उसवली. म्हणजे नुसतं नाव 'रायडिंग जॅकेट' असून चालत नाही. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २०१८ मध्ये 'मोटोकॅप' नावाची सरकारी पाठिंब्याची योजना काढली. ते बाजारातून जॅकेटं विकत आणून फाडतात, आपटतात, आणि तारे देतात. विशेष म्हणजे ते दोन वेगळे तारे देतात: एक सुरक्षेचा, दुसरा उकाड्याचा.

उकाड्याचा तारा मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे आर्मर न घालण्याचं खरं कारण पैसा नाही, ऊन आहे. बेंगळुरू सोडलं तर बहुतेक गावांत मार्च ते जून जाड जॅकेट घालणं म्हणजे शिक्षा. माझं म्हणणं असं: वर्षातून एकदा लडाखला घालायच्या महागड्या जॅकेटपेक्षा रोज ऑफिसला घालता येईल असं जाळीचं जॅकेट आणि साध्या पँटवर बांधायचे प्रमाणित नी-गार्ड घ्या. आपण घरापासून दोन-पाच किलोमीटरच्या टापूत रोज फिरतो. वाळू, ओला रस्ता, न रंगवलेला गतिरोधक, अचानक आडवा येणारा कुत्रा, हे सगळं तिथेच आहे. आणि तिथेच आपण टी-शर्ट आणि चप्पल घालून जातो.

मागे बसणाऱ्यांचं तर कुणी नावच काढत नाही. नवऱ्याच्या अंगावर चारही आर्मर आणि मागे बायको सुती ड्रेसमध्ये, हे दृश्य मी प्रत्येक महामार्गावर पाहतो. तीही त्याच एक मीटरवरून पडणार आहे.

शेवटी पुन्हा त्या सुभेदार साहेबांच्या मुलासारख्या हजारोंकडे येतो. दिवसाचे दहा-दहा तास दुचाकीवर असणारी ही पोरं. मी कुठल्या एका कंपनीबद्दल बोलत नाही, सगळ्यांनाच सांगतो. तुम्ही त्यांना रंगीत टी-शर्ट देता, पाठीवर तुमच्या नावाची पिशवी देता. त्याच टी-शर्टच्या जागी जाळीचं जॅकेट द्या, त्यावर तुमचं नाव छापा, आणि आत खांद्याला, कोपराला लेव्हल १ चे पॅड घाला. जोडीला एक नी-गार्ड. फौजेत जवानाला गाडीवर पाठवायचं तर त्याचं किट पुरवणं पाठवणाऱ्याची जबाबदारी असते. जो माणूस तुमच्या कामासाठी पडू शकतो, त्याला सज्ज करणं हे तुमचंच काम आहे. आपल्या कायद्यात सक्ती हेल्मेटपुरती आहे. बाकीचं कायद्याची वाट न पाहता करता येतं.

आणि तुम्ही, जे आत्ता हे ऐकताय किंवा वाचताय, त्यांच्यासाठी एकच काम. आज रात्री जेवणानंतर जॅकेट खुंटीवरून काढा. पाचही खिसे उघडा. पॅड टेबलावर मांडा आणि चष्मा लावून त्यावरची अक्षरं वाचा. क्रमांक, लेव्हल, 'टी'पुढचं चिन्ह. पाठीच्या खिशात फोमचा तुकडा निघाला तर तो फेकून द्या आणि या महिन्यात खरा पॅड घ्या. घरात दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर त्याचंही जॅकेट मांडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. जमेल तितकी उत्तरं देईन.

जय हिंद, जय महाराष्ट्र.